फुलं तोडणारी लोखंडी बाई

मळा, नांदगाव पेठ
१४ जुलै २०२५

डोमाजी इवाईबुवा,

किसनरावचा रामराम घ्या. घ्यावासा वाटला नाही तर बाजूला ठेवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी मी फोनवर अडखळतो. समोरचा गप्प राहिला की मला वाटतं लाइन कटली, आणि मी नुसतं हॅलो हॅलो करत बसतो. कागदाचं तसं नाही.

मी लिहितो आहे हे पौर्णिमेला माहीत नाही. तुमची मुलगी आणि माझी सून असली तरी तिने मला कधी म्हटलं नाही, की मामाजी, माझ्या बाबांना समजवा. जीवनलाही मी सांगितलं नाही, तो लगेच बायकोला सांगेल. आमच्या घरच्या पार्बताबाईला तेवढं माहीत आहे, कारण पाकिटावर तिकीट तिने चिकटवलं. ती म्हणाली, "लिहा, पण रडगाणं लिहू नोका." मी प्रयत्न करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात तुमच्या अकोल्याच्या मूर्तींच्या कारखान्यात जे झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण मी झेंडूची पोती उतरवून दाराशी उभा होतो आणि तुम्ही मूर्तीपाशी होता. दुरून वेगळं दिसतं.

पौर्णिमा दरवर्षीसारखी तुमच्या हाताखाली कामाला आली होती. मंडळाच्या देवीच्या आत तिने मोटर बसवली होती, आशीर्वादाचा हात हळूच वर जावा म्हणून. घट बसायचे होते. मंडळाची माणसं, पुजारी, सगळे बघायला आले. तिने बटण दाबलं. हात वर गेला, वर जाऊन आचका बसला, आणि अख्खी देवी पाटावर बोटभर सरकली. पुजारी ओरडले, "हालली! देवी हालली!" उत्तरपूजा झाल्यावर आपण मूर्ती जागेवरून जराशी हलवतो, म्हणजे देव गेला, आता विसर्जन करा. इथे तर घट बसायच्या आधीच हलली. मंडळाने ती देवी नेली नाही. तुम्ही सगळ्यांसमोर पोरीला म्हणालात, "माती थांबते म्हून देव थांबते. इले थांबवणं येत नाही. आजपासून माया मातीले हात लावू नोको."

तुम्हाला वाटलं असेल ती मान खाली घालून रडते आहे. इवाईबुवा, ती रडत नव्हती. ती देवीच्या खांद्याकडे बघत होती, डावा डोळा बारीक करून. मूर्तीत खोट शोधताना तुम्ही बघता ना, अगदी तशी. मला तेव्हाच भीती वाटली की ही पोरगी हे सोडणार नाही.

घरी आल्यावर तिने मातीची भांडी, कोरण्या, सगळं धुऊन माळ्यावर ठेवलं. दीड वर्ष कशाला हात लावला नाही. फुलं तोडली, माळा केल्या, गणपतीत शेजारणीने मखर सजवायला बोलावलं तर गेली नाही. मला जेवण जाईना. बोलणारं माणूस गप्प झालं की घरातल्या भांड्यांचा आवाजसुद्धा मोठा होतो.

मग या उन्हाळ्यात तिने माझ्या ज्वारीत बुजगावणं केलं. त्याबद्दल पुढच्या वेळी. हात दुखतो.

तुमचे गुडघे कसे आहेत? पावसात बसून माती मळू नका.

किसनराव


मळा, नांदगाव पेठ
५ ऑगस्ट २०२५

इवाईबुवा,

उत्तर आलं नाही. टपाल गहाळ झालं असेल असं धरून चालतो. तसं धरलं म्हणजे बरं वाटतं.

बुजगावण्याची गोष्ट सांगायची होती. राघूंनी ज्वारी खाऊन टाकली होती. मी जुना सदरा आणि मडकं मागत होतो, नेहमीचं करायला. पौर्णिमा म्हणाली, "मामाजी, सदरा घातलेला माणूस रोज तिथंच उभा दिसला का राघू त्याच्या डोक्यावर बसते. मी करून देते." तिने सायकलचं चाक, बोअरचा मोडका पाइप, तेलाच्या डब्याचा पत्रा आणि जीवनने भंगारातून आणलेली बेअरिंगं घेतली. जीवन कापड गिरणीत यंत्रं दुरुस्त करतो हे तुम्हाला माहीत आहेच. वेल्डिंग तिने त्याच्याकडून शिकून घेतलं. ठिणग्या उडाल्या की पार्बताबाई कडब्यावर बादली घेऊन उभी राहायची आणि मी पार्बताबाईच्या मागे.

उभं केलं तेव्हा मला ते आवडलं नाही. नुसता सांगाडा, डोक्याच्या जागी पत्र्याचं पान. दुपारी वारा सुटला. चाक फिरायला लागलं आणि त्या सांगाड्याने दोन्ही हात वर केले, मग एकच हात खाली आणला, मग मान फिरवली. पुन्हा वारा पडला की तसाच, एक हात वर ठेवून उभा. पुन्हा सुटला की दुसरंच काही. प्रत्येक वेळी वेगळं. राघू बाभळीवर बसून बघत राहिले, खाली उतरले नाहीत.

मी बांधावर बसून संध्याकाळपर्यंत बघितलं. निंदणीच्या बाया कामं सोडून बघत होत्या. एक म्हणाली, "हा तं आमच्या बुढ्यावानी करते, शिव्या देऊन देऊन दमला का कंबरेवर हात." आणि खरंच तसंच दिसत होतं. लोखंडाचा एक तुकडासुद्धा माणसासारखा नाही, आणि तरी माणूस. हे तिने कुठून आणलं मला कळत नाही. पत्र्याला तिने बोटांनी दाब देऊन वळण दिलं होतं, मातीला देतात तसं. मोटर नाही म्हणून आचका नाही. वाऱ्याला घाई नसते.

आता हायवेवरून जाणारी माणसं गाड्या थांबवतात. मला काळजी वाटते, एखादी गाडी मागून धडकेल. एक दिवस महादेवराव म्हणून अमरावतीचे रिटायर झालेले चित्रकलेचे मास्तर आले. शेवंतीची रोपं घ्यायला आले होते. रोपं राहिली बाजूला, ते बुजगावण्यासमोर खाली बसले. पौर्णिमेला म्हणाले, नोव्हेंबरात अमरावतीला आम्ही प्रदर्शन भरवतो, त्यात काम ठेव, पण हे नको, नवीन कर.

ती आत आली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली सांगू? "बाबा आले पाहिजे पाहाले."

म्हणून मी तुम्हाला लिहितो. तिने तुमचं नाव घेतलं ते एवढंच. त्यानंतर घेतलं नाही.

रोपं मास्तरांनी शेवटी नेली. मी कमी पैसे घेतले, पार्बताबाई अजून बोलते.

किसनराव


मळा, नांदगाव पेठ
९ सप्टेंबर २०२५

इवाईबुवा,

परवा तुमच्या नंबरवरून मिस कॉल आला. मी लगेच लावला, तुम्ही उचलला नाही. चुकून लागला असेल. पण चुकून लागायलाही माझ्या नावापर्यंत यावं लागतं, असा विचार करून मी दिवसभर खूश होतो. पार्बताबाई म्हणते मी फार ओढूनताणून अर्थ लावतो.

पौर्णिमा प्रदर्शनासाठी काय करते आहे ते ऐका. फुलं तोडणारी बाई. उभी केली तर माझ्या खांद्याएवढी. अंग लोखंडी सळ्यांचं आणि पत्र्याचं, हात सागाचे, बोटं वेगवेगळी हलणारी. बाजूला हँडल आहे. रसवंतीवाल्यासारखं हँडल फिरवायचं, की ती वाकते, हात झाडापाशी नेते, बोटं मिटते, उठते, हात ओटीपाशी आणते. मी विचारलं, मोटर काहून नाही? म्हणाली, "मोटर लावली का ते मोटरचं काम होते मामाजी, बाईचं राहत नाही. पाहणाऱ्याच्या हाताले कळलं पाहिजे का वाकाले किती जोर लागते."

हे मी दोन-तीन वेळा मनात म्हणून बघितलं. पाहणाऱ्याच्या हाताला कळलं पाहिजे. मूर्ती आपण डोळ्यांनी बघतो. हात लावायची सोय नसते.

नमुना म्हणून तिने पार्बताबाईला धरलं. रोज सकाळी पार्बताबाई झेंडू तोडते आणि ही कोपऱ्यात बसून बघते. एक दिवस आमच्या घरची बाई चिडली.

"काय वं, माया कंबरेची नक्कल करून राहिली होय?"

"नक्कल नाही आत्याबाई. तुमी उठल्यावर कंबरेवर हात ठेवून थांबता ना, ते मले पाह्यजे."

"कंबर दुखते म्हून थांबतो वं! त्यात काय पाहाचं? तू पन्नाशी गाठ, तुलेही येईन."

"पन्नाशीपर्यंत प्रदर्शन थांबते का, आत्याबाई?"

आमची हसली. हसल्यावर पुन्हा वाकून तोडायला लागली, पण आता मुद्दाम जास्त वेळ थांबायची, आणि पौर्णिमा म्हणायची, नाही, खोटं झालं, पुन्हा तोडा.

हे थांबणंच जमत नाही, इवाईबुवा. तिने लाकडाची चाकं केली आहेत, गोल नाहीत, अंड्यासारखी लांबट. चाकाचा फुगीर भाग आला की दांडा वर जातो, बाई उठते. एकसारखा गोल भाग असेल तोवर बाई थांबते. चाक रंध्याने जरा जरा तासायचं, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा तासायचं. कितीतरी चाकं तिने चुलीत घातली. बाई थांबते, पण बंद पडल्यासारखी थांबते. पार्बताबाई दमून थांबते. या दोन्हींत काय फरक आहे ते मला बघून कळतं, सांगता येत नाही. पौर्णिमेलाही सांगता येत नाही. ती हँडल धरून बसते आणि तुमचेच शब्द पुटपुटते, "इले थांबवणं येत नाही, इले थांबवणं येत नाही." रागाने नाही म्हणत. धडा पाठ करावा तसं म्हणते.

जीवन म्हणाला, होऊ दे असंच, लोकांना कळणार नाही. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो दुपारची पाळी नसताना गिरणीत निघून गेला.

तुम्ही तुमच्या देवीला कसं थांबवता? हे मी तिच्यासाठी विचारत नाही. मलाच जाणून घ्यायचं आहे. तुमच्या मूर्तीसमोर उभं राहिलं की वाटतं आत्ताच काहीतरी करून थांबली. कधी वाटत नाही की ही हललीच नाही.

किसनराव


मळा, नांदगाव पेठ
३ ऑक्टोबर २०२५

इवाईबुवा,

सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. काल दसरा झाला. या पत्रात मी आपट्याचं पान ठेवलं आहे, वाटेत चुरा झाला तर झटकून टाका.

वाईट घडलं. आधी नीट सगळं सांगतो म्हणजे तुम्ही मध्येच पत्र ठेवणार नाही.

आपल्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा होते. मी विळे, खुरपी, फवारणीचा पंप, जीवनची मोटारसायकल, सगळं धुऊन मांडलं, हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग शेडमध्ये नजर गेली. ती लोखंडी बाई एकटी उभी. घरात सगळ्यांची पूजा आणि हिची नाही, हे मला बघवेना. अवजारच ते, आणि अवजारापेक्षा जास्त. मी तिला कुंकू लावलं आणि सगळ्यांत जाड माळ, सकाळच्या दवाने भिजलेली, तिच्या गळ्यात आणि उजव्या हातावरून घातली. पौर्णिमा शेजारी सोनं द्यायला गेली होती.

दुपारी गावातली माणसं सोनं द्यायला आली. त्यांनी विचारलं, सून काय करून राहिली हाये? कोणीतरी हँडल फिरवून दाखवलं. बाई वाकली, फूल तोडलं, उठली. सगळे वा वा म्हणाले. पुन्हा फिरवलं. तेवढ्यात पौर्णिमा दारात आली. तिने ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. ती बघत उभी राहिली.

बाई उठली होती आणि थांबली होती. पण माळ थांबली नव्हती. ओली जड माळ तिच्या हातावर हेलकावत होती, आणि त्या वजनाने हात हळूहळू खाली आला आणि कंबरेवर टेकला. अंग थांबलं, वजन थांबलं नाही. पार्बताबाई मागून म्हणाली, "अगो बाई, ही तं मीच."

मग पुन्हा हँडल फिरलं. माळेचा दोरा साखळीत गेला, दांड्याला गुंडाळला गेला, कडकन आवाज झाला आणि उजवा हात खांद्यातून निखळून खाली पडला. सागाची बोटं शेडभर झाली. दसऱ्याच्या दिवशी. प्रदर्शन महिन्यावर आलेलं. बायांची कुजबुज सुरू झाली. एकीने अपशकुन म्हणायला तोंड उघडलं, पार्बताबाईने तिच्या तोंडात लाडू घातला.

कोणीतरी म्हणजे मीच फिरवत होतो. वर तसं लिहिलं, कारण हात वळेना. मला मिरवायचं होतं. माझी सून आहे म्हणून.

पौर्णिमा आली, बोटं गोळा केली, दांड्याचा दोरा ब्लेडने कापला. मी म्हणालो, पोरी, माझं चुकलं, मला काही बोल. ती म्हणाली, "मामाजी, ती माळ किती जड होती? हातात घेऊन सांगा." मला वाटलं, धक्क्याने तिचं डोकं फिरलं. तिने तुटलेली माळ माझ्या हातात दिली, मग पार्बताबाईच्या, मग भाजीच्या तराजूत घातली.

"चाक तासून तासून मेली मी," ती म्हणाली, "थांबणं चाकात नव्हतंच. वजनात होतं." आणि ती हसायला लागली. एवढी मोठ्याने की जीवन अंघोळ अर्धी टाकून पळत आला.

मी अजून घाबरलेला आहे. ती हसली हे खरं, पण हात तुटला आहे हेही खरं.

किसनराव


मळा, नांदगाव पेठ
२७ ऑक्टोबर २०२५

इवाईबुवा,

हात झाला. नुसता हात झाला नाही, सगळी बाईच दुसरी झाली. आता ती एकदा वाकली की सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा तिच्या पत्र्याच्या ओटीत पडतो. पुन्हा वाकली, पुन्हा एक. ओटी जड होत जाते तसं तिचं वाकणं हळू होत जातं, आणि फिरवणाऱ्याच्या हातालाही हँडल जड लागतं. मला तर दम लागला. ओटी भरली की ती उठते, कंबरेवर हात येतो, आणि थांबते. तुम्ही हँडल फिरवलं तरी थांबलेलीच राहते, फिरवणं फुकट जातं. मग ओटी आपोआप कलंडते, छर्रे खळाळत पन्हाळीतून खाली जातात, आणि तिचं अंग असं हलकं होतं, असं सैल होतं, की पहिल्यांदा बघितलं तेव्हा पार्बताबाईने स्वतःचा पदर झटकला.

हे कोणी शिकवलं नाही तिला. अमरावतीत क्लास नाही याचा. मी आयुष्यभर बायांना फुलं तोडताना बघितलं आणि मला हे दिसलं नव्हतं.

प्रदर्शन आठ ते बारा नोव्हेंबर, अमरावतीला, मोठ्या कॉलेजच्या हॉलमध्ये, महादेवराव मास्तरांचं नाव सांगा. अकोल्याहून बस सकाळी भरपूर आहेत. स्टँडवरून ऑटो करा, चालू नका.

सोयरिकीच्या वेळी तुम्ही हसत सांगितलं होतं, की वडिलांचा फुलमळा सोडून तुम्ही मातीत हात घातला तेव्हा वडील तुमची पहिली मूर्ती बघायला आले नाहीत, आणि पुढे ते गेलेच. तुम्ही हसत सांगितलं म्हणून आम्हीही हसलो होतो. आता आठवलं तर हसू येत नाही.

ती वाट बघते. विचारलं तर नाही म्हणेल.

किसनराव


मळा, नांदगाव पेठ
१४ नोव्हेंबर २०२५

इवाईबुवा,

तुम्ही आलात. शेवटच्या दिवशी दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, अनोळखी माणसासारखे रांगेत उभे राहिलात. मी ओळखलं, पण जवळ आलो नाही, तुम्ही परत फिराल म्हणून. पौर्णिमा तेव्हा मास्तरांबरोबर कोणा पाहुण्यांना निरोप द्यायला खाली गेली होती. मी मनात देवाला म्हणत होतो तिला वर पाठव, आणि लगेच म्हणत होतो नको पाठवू, आधी यांना नीट बघू दे.

तुम्ही हँडल फिरवलंत. बाकीचे लोक दोन-चार फेरे देतात, फोटो काढतात. तुम्ही ओटी भरेपर्यंत फिरवलंत. ती थांबली तेव्हा तुम्हीही हँडलवरून हात काढला. ओटी रिकामी झाली. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून फिरवलंत. मागचे लोक कुरकुरले, "बाबाजी, आमालेही पाहू द्या ना जी." तुम्ही ऐकलं नाही. मग खाली बसून तिच्या पायांकडे बघितलंत, डावा डोळा बारीक करून. गुडघे दुखत असताना.

मी जवळ आलो. रामराम झाला. मी चहाचं विचारलं. तुम्ही म्हणालात, "हिच्या डाव्या पायावर भार नाही. ओटी भरली का बाई एका पायावर येते, दुसरा पाय ढिला पडते. ही दोन्ही पायावर उभी हाये, कवायतीले उभी केल्यावानी. वर सगळं खरं, खाली खोटं." आणि निघालात. चहा नाही, पाणी नाही. मी पायऱ्यांपर्यंत आलो, तुम्ही ऑटोत बसलात.

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पाच दिवस सगळं अमरावती तिची वाहवा करत होतं. धारणीकडून आलेली एक म्हातारी त्या लोखंडी बाईच्या पाया पडून गेली. एकाने नागपूरला बोलावलं. आणि बापाने यायचं ते पायातली खोट काढायला? मी ठरवलं, तिला सांगायचं नाही. तुम्ही आलात हेच सांगायचं नाही.

संध्याकाळी सामान टेम्पोत भरताना जीवनने सांगून टाकलं. त्याने तुम्हाला ऑटोत बसताना बघितलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामाजी, बाबा आले होते?"

"आले होते."

"काय म्हणले? जसंच्या तसं सांगा, गोड करून सांगू नोका."

मला गोड करून सांगता येत नाही, नाहीतर नक्की केलं असतं. मी सगळं सांगितलं. डावा पाय, भार, कवायत, वर खरं खाली खोटं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "पाय ढिला पडते, हे 'बाई' म्हणून म्हणले का 'मशीन' म्हणून?"

मी आठवलं. "बाई म्हणाले. बाई एका पायावर येते, असं म्हणाले."

तिने टेम्पोची फळी पकडली. मी धावलो, मला वाटलं चक्कर आली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "दोन वर्षं झाले मामाजी, मले कोनीच चूक सांगतली नाही. तुमीबी वाहवा, मास्तरबी वाहवा. बाबा भंगारातल्या मालाची चूक काढत नाही. ते फक्त मूर्तीची काढते."

मला हे सुचलं नव्हतं, इवाईबुवा. मी तुम्हाला इतकी पत्रं लिहिली आणि प्रत्येकात तिची नुसती वाहवा केली. ती खरी होती, पण तिच्या कामाची नव्हती.

घरी आल्यावर तिने पार्बताबाईला जड ओटी बांधून अंगणात उभं केलं. डावीकडे भार आला, उजवी टाच उचलली गेली. तुम्ही म्हणालात तसंच. आमची म्हणाली, "इतके दिवस मायी कंबर पाहत होती, पाय काहून नाही पाह्यला वं?" पौर्णिमा म्हणाली, "मी वरच पाहत होती, आत्याबाई."

काल तिने ते दोन्ही पाय मांडीपासून कापून काढले. कटरने, एका दमात. लोकांनी नावाजलेलं काम ते. बाई आता शेडमध्ये दोरीने टांगून ठेवली आहे. पाहवत नाही, पण मी दर तासाला जाऊन बघतो.

डावा पाय तिने पोत्यात गुंडाळला आहे. उद्या सकाळच्या बसने तो घेऊन ती अकोल्याला निघते. मी म्हणालो, आधी फोन करू, मी पत्र टाकतो, चार दिवस थांब. ती म्हणाली, "पत्र पोचेपर्यंत मी परतही येईन." खरं आहे. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा ती तुमच्या कारखान्यात येऊन उभी राहिली असेल, पोतं घेऊन. तरी मी लिहितो, मला लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. कंडक्टर पोत्याचं तिकीट मागेल, त्यात लोखंड आहे म्हटल्यावर वाद घालेल, मूर्तिजापूरला बस बदलावी लागली तर पोतं बसमध्ये राहील, असं सगळं डोक्यात येतं.

तिला जेवायला घाला म्हणायचा मला हक्क नाही, तुमचं घर आहे. घरात घ्या असंही म्हणत नाही. पण तिने ते पोतं सोडलं तर बघा. रागावलात तरी चालेल, चार लोकांसमोर रागावलात तरी ती ऐकून घेईल. फक्त पायाबद्दल बोला.

तुमचा
किसनराव